अठरा

पिंपळगावच्या बागांतून एकवीस वर्षं
मण्याचा एक थेंब काचेवर टेकवून
डोळा बारीक करून मी साखर वाचत आलो.
सोळा? थांबा अजून चार दिवस.
अठरा भरली, लावा कात्री.
बागाईतदार माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

आता पहाटे बोटाचा थेंब,
आणि तोंडाकडे बघते शैला.

गोळ्यांनी हात टेकले तेव्हा
डॉक्टर बोरस्ते म्हणाले,
अठरा युनिट. रात्री. पोटाला.
मला हसू आलं,
त्यांना कळलं नाही कशाचं.

पहिल्या रात्री मोरीचं दार लावून उभा राहिलो
चोरून विडी ओढणाऱ्या पोरासारखा.
सुई आत ठेवून दहापर्यंत मोजायचं असतं,
मी बाहेरच मोजून घेतलं, तीनदा.
मग टुचकन.
एवढंच? डास याहून जोरात चावतो.

फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी पेनाचं खोकं.
पाहुणे आले की शैला त्यावर
कोथिंबिरीची जुडी ठेवते.
मी ती काढतो. ती परत ठेवते.

माघात, वडनेरच्या बागेत, जेवण लांबलं
आणि वारा नसताना वेली हलू लागल्या.
मानेवर गार घाम. काचेतला आकडा
दिसे, पण वाचता येईना.
हिराबाईनं कात्री टाकली,
मूठभर मणी ओरबाडून माझ्या तोंडात कोंबले.
"आधी गिळा भाऊ, मंग मोजा."

हनुवटीवरून रस ओघळत होता, कॉलरपर्यंत.
त्या घडाची साखर किती होती
वहीत लिहिलेली नाही.