दमधर

आलेखाच्या वहीत सोळा गुणिले सोळा चौकोन.
एवढ्यात एक माणूस बसवायचा होता,
शिवाय त्याची झेप.
रंग चार मिळायचे, त्यातला एक म्हणजे रंगच नाही.
उरले तीन. मी आधी पिवळा घेतला.
सांगलीत दुसरं काय सुचणार.

गणपती पेठेत, शहा शेठच्या दुकानावरच्या माडीत,
सत्त्याण्णव साली आम्ही तिघं:
जेवतानाही सोळाच्या पाढ्यात मोजणारा कुबेर मगदूम,
मिरजेचा जमीर सतारमेकर,
आणि इंटरमिजिएटला दोनदा नापास झालेली मी.
खाली शेठ टीव्हीला जोडायचे गेम विकायचे,
एका कॅसेटीत नव्व्याण्णव; मोजायला गेलं की सातच.
"आपला एक काढू," म्हणाले. "आपला हिरो."

हिरो आम्ही हरिपुरातून आणला.
तिथं पेवांत हळद ठेवतात.
पेव उघडलं की आधी कंदील सोडतात खाली.
विझला, तर माणूस थांबतो.
आमचा थांबायचा नाही.
त्याला उडता येत नव्हतं, हातातून आग निघत नव्हती,
फक्त श्वास रोखता यायचा, फार वेळ,
आणि खाली बेशुद्ध पडलेल्यांना
एकेक करून वर आणता यायचं.
कोपऱ्यात दमाची पट्टी, घटत जाणारी.
नाव कुबेरनं ठेवलं, दमधर.
शेठना वाटलं, दम्याचं औषध.

जमीरला एका वेळी तीनच सूर मिळाले.
मींड तर नाहीच,
यंत्र एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारतं.
त्यानं दोन सुरांमध्ये अकरा बारीक पायऱ्या घातल्या,
म्हणाला, ऐक, आता घसरतंय.
त्याच्या वडिलांनीही ऐकलं, भोपळा घासता घासता.
"डास आहे," म्हणाले. "पण सुरातला."

लेबलं आधी छापून आली, पाचशे.
मग तैवानहून फॅक्स.
शेठनी तो दोनदा वाचला,
घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला.
ती चिप बंद. आता सगळं सीडीवर.
"राहू द्या," म्हणाले, आणि चहा सांगितला,
चार कप, वर बिस्किटांचा पुडा,
जसं कुणी नोकरीला लागलं होतं.
तिसऱ्या पातळीचं दार
मी अजून काढलंच नव्हतं.

लेबलं मात्र गावभर गेली.
सलूनच्या आरशावर, रिक्षाच्या मडगार्डवर,
मार्केट यार्डात एका हमालाच्या डब्यावर.
बसस्टँडवर एक बाई मला म्हणाली,
हा कुठल्यातरी मसाल्यावरचा ना?
मी हो म्हटलं.

एकच कॅसेट होती, कुबेरनं हातानं जोडलेली,
उघडीच, कवचाशिवाय.
तिच्या चिपला काचेची बारीक खिडकी असते,
तिच्यातून ऊन गेलं की आतलं पुसलं जातं.
त्या खिडकीवर त्यानं दमधरच चिकटवला होता.
वीस-बावीस वर्षं टिकला तिथं, माझ्या कपाटात.
मग धाकट्यानं चित्र आवडलं म्हणून सोलून घेतलं,
आणि कॅसेट ठेवली दक्षिणेच्या खिडकीत,
सबंध मे महिना.
त्याला रागावले नाही. चित्र त्याला आवडलं होतं.

परवा जमीरच्या कारखान्यात लावून पाहिली.
पडदाभर पिवळे चौकोन,
कुठं अर्धा खांदा, कुठं नुसतं पाऊल,
आणि कोपऱ्यात दमाची पट्टी, भरलेली.
धून सुरू झाली. चार स्वर गेले, घसरले,
पाचव्यावर अडकली.
अडकूनच राहिली.
कुबेर म्हणाला, बंद कर, कान किटले.

जमीरनं भिंतीवरचा तंबोरा काढला,
खुंटी पिळली थोडी, अजून थोडी.
"पांढरी एकच्या खाली आहे," म्हणाला. "चालेल."
तार छेडली, पुन्हा छेडली,
दोन आवाजांतलं थरथरणं कमी होत होत
थांबेपर्यंत.

कुबेर स्विचपाशीच उभा होता.
त्यानं हात खिशात घातला.