संभाव्य

राजारामपुरीत, सातव्या गल्लीतल्या दवाखान्यात
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, साल कोणतं?
आप्पा म्हणाले, पंचवीसशे एक्कावन्न.
बाईंनी शून्य लिहिलं.
मी गप्प बसले. घरी येऊन
बस्तीत मिळालेली दिनदर्शिका काढली :
वीर निर्वाण संवत पंचवीसशे एक्कावन्न.
दिवाळी होऊन बाराच दिवस झाले होते.
म्हणजे साल तर ठाऊक होतंच,
ते नुकतं बदललंय हेसुद्धा.

ऋतू कोणता?
गुऱ्हाळं लागली की.
पेन जरा थांबलं, मग पुढं गेलं.
शंभरातनं सात वजा करत चला.
त्र्याण्णव, म्हणाले, आणि अडले : पण कशाचे?
आकड्याला माल चिकटलेला असतो
हे चाळीस वर्षांत अंगात मुरलेलं.

मग चेंडू, झाड, किल्ली.
पाच मिनिटांनी तिन्हींतलं एकही नाही.
इथं मात्र मला कुठली दिनदर्शिका सापडली नाही.

तीसपैकी सतरा.
कागदावर लिहून आलं : संभाव्य अल्झायमर.
संभाव्य का, मी विचारलं.
बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या,
सगळे निकष लावूनही शंभरात वीसेक वेळा आम्ही चुकतो.
पाठीतलं पाणी काढून तपासता येतं, पुण्याला स्कॅन होतं,
त्यानं आणखी जवळ जाता येतं.
डोळ्यांनी बघून खात्री हवी तर मेंदूचा काप लागतो,
आणि तो तर...
वाक्य तिथंच राहिलं. आप्पा समोरच बसले होते,
टेबलावरचं पेपरवेट नखानं ओरखडत.

शाहूपुरीत तवनाप्पा मगदूम प्रत लावतील
तोच गुळाचा दर.
रंग, वास, नखाचा ओरखडा, जिभेवर कण.
एवढ्यावर भागायचं.
तरी मनात शंका राहिलीच तर म्हणायचे, रवा फोडा.
वरनं सोनं आणि आत काळा, पाणी सुटलेला,
असं कितीदा निघायचं.
आणि कधी आतही सोनंच निघायचं.
फोडलेला रवा काही परत जुळत नाही.
मग तो आप्पा स्वतः पुऱ्या दरानं विकत घ्यायचे,
सायकलला बांधून रुकडीला आणायचे.
आई कपाळाला हात लावायची.
आम्ही चौघं भावंडं
आप्पांच्या चुका खात मोठी झालो.
फार गोड होत्या.

दवाखान्यातनं परतताना बसमध्ये
त्यांनी मला खिडकीची जागा दिली
आणि विचारलं, तुमचं गाव कुठलं, ताई?
हा प्रश्न त्या तीसांत नव्हता.

परवा मी एक वाईट काम केलं.
कोपऱ्यावरनं पिवळाधमक गूळ आणला,
हायड्रॉस मारलेला, ज्याला ते शिवतही नसत,
आणि ताटलीत घालून त्यांच्यापुढं ठेवला.
ओरखडला. हुंगला. कण जिभेवर ठेवून डोळे मिटले.
मी दाराशी उभी, परीक्षेच्या हॉलबाहेर उभं राहावं तशी.
एक नंबर, म्हणाले.

ताटली उचलायला वाकले
तर त्यांनी खांद्यावरचा पंचा माझ्या हातावर टाकला,
खालनं तीन बोटं धरली, दाबली,
सोडली, मग एकच धरलं.
रुमालाखालचा भाव.
आणि माझ्याकडं बघत राहिले,
व्यापाऱ्याकडं बघावं तसे, हुशार, थोडे मिस्कील.
मला ती बोली येत नाही.
ज्यांना यायची त्यातलं यार्डात कोण उरलंय, ठाऊक नाही.
भाव बरोबर असेल. पार चुकलेला असेल.
नुसता हातही धरला असेल.

मी मान हलवली.
सौदा झाला म्हणून ते खुशीत भिंतीला टेकले.