नख

उद्यमनगरात बत्तीस वर्षं
मी लोखंड गुळगुळीत करत आलो.
गणी मिस्त्री नख फिरवायचे.
नख अडलं, की जॉब परत लेथवर.

डॉक्टर मगदुमांनी टेबलावर ठेवली
खुब्यात बसणाऱ्या दांडीचा नमुना :
टायटॅनियम, हातात कापसासारखं,
आणि वरच्या अंगाला पांढुरका, खरबरीत लेप.
सवयीनं नख फिरवलं.
अडलं.

"फिनिशिंग राहिलंय, साहेब."
हसले. म्हणाले, गुळगुळीत धातूला
हाड चिकटत नाही.
हा लेप हाडातल्याच क्षारांचा,
हाड त्याला घरचा समजतं.

शनिवार पेठेत एक बाई यायची,
"टाकीऽऽ लावायची का पाट्याला?"
आईचा झिजून आरसा झालेला पाटा
उन्हात टकटक टोचत बसायची.
त्या रात्री चटणी
पाट्यावरून घसरली नाही.

आता सातवा आठवडा. काठी आहे.
एक्स-रेत डॉक्टर रेघ शोधतात,
धातू कुठं संपला, मी कुठं सुरू झालो.
"पुसट होतेय," म्हणतात.

आत कोण काम करतंय,
नख पोचत नाही तिथवर.
मिस्त्री, एवढा एक जॉब
खरबरीतच पास करा.