किल्ली देण्याआधी

मोहसीन, ही कपाटाची किल्ली.
डावीकडे फिरवायची, मग दार गुडघ्यानं दाबायचं.
आत दोन खुरपी, एक टिकाव,
पाच घमेली, त्यातलं एक चिरलेलं,
सामूचे कागद (बावीस होते, एकोणीस उरलेत,
तिघांचा हिशेब मला लागत नाही)
आणि हे रजिस्टर.
जुलैतलं माझं अक्षर बघ.
केवढी ती लाल शाई!

तेव्हा वाटलं होतं, कृषी मंडळाची अध्यक्ष म्हणजे
बिल्ला आणि भाषण.
बिल्ला मिळाला. पिन वाकडी होती.
भाषणाआधी बर्गे सरांनी हातात फावडं दिलं:
खड्डा घे, वीतभर खोल,
कडेची माती खरवड, चार भाग कर,
समोरासमोरचे दोन टाकून दे,
परत चार, परत दोन,
अर्धा किलो उरेपर्यंत.

वर्षभर माझंही तेच झालं.
झोप टाकली, कबड्डी टाकली,
मैत्रिणीच्या बहिणीची हळद,
फिजिक्सचं एक प्रॅक्टिकल.
उरलंय ते पिशवीत आहे,
अजून लेबल लावलेलं नाही.

श्रावणात आल्याला कंदकूज लागली.
पुस्तकात पिवळी पानं दिलीत,
वास दिलेला नाही.
शेवंताकाकूंनी एक गड्डा उपटून
माझ्या नाकाशी धरला,
"हुंग. आता लिही तुझ्या वहीत."
लिहिलं: चर खोल काढा, पाणी साचू देऊ नका.
वास काही वहीत मावला नाही.

ऑक्टोबरात साताऱ्याला मेळावा.
पहाटेची रहिमतपूरची एसटी, मांडीवर गांडुळांचा डबा.
कंडक्टर म्हणाला, "यांचं अर्धं तिकीट फाडू का?"
बक्षीस दहिवडीला गेलं.
येताना डबा सीटखाली सांडला,
आम्ही चौघी मोबाईलच्या उजेडात
घर येईपर्यंत वेचत होतो.
एक म्हातारे पाय वर घेऊन बसले होते,
रागावले मात्र नाहीत.

मग डिसेंबर. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या
आणि आम्ही फेरी काढली.
घोषणा माझी:
जाळाल तर राख, कुजवाल तर लाख!
पेठेतून ओरडून घसा बसला.

त्याच रात्री गच्चीवरून दिसलं,
ओढ्यापलीकडे उजेड.
ते शेत सयाजीकाकांचं.
माझ्या सख्ख्या चुलत्यांचं.

सकाळी दोरीवरच्या गणवेशावर
पाचटाच्या राखेचे लांबट काळे तुकडे,
हात लावला की फुटणारे.
तोच झटकला, तोच घातला.
ग्रुपवर कुणीतरी हसरे चेहरे टाकले होते, सतरा.
मी रजिस्टर उघडलं.
जाळलेलं क्षेत्र: दीड एकर.
मालकाच्या रकान्यात पूर्ण नाव.
आडनाव माझंच.

आठवडाभर काका बोलले नाहीत.
मग बांधावर गाठलं,
"अध्यक्षीणबाई, खोडवा फुटाय लागलाय.
पाचट बारीक करायचं यंत्र
हाय का तुमच्या शाळंत?"
नव्हतं.
घोषणेत यंत्राचा शब्दच नव्हता.
सरांना विचारलं तर ते चष्मा पुसत राहिले.

पंचायत समितीत तीनदा जाऊन आले.
एकदा साहेब जेवायला,
एकदा साहेब मिटिंगला,
एकदा साहेब होते, शिक्का नव्हता.
अर्जाची पोच सत्तेचाळिसाव्या पानावर चिकटवलीय.
यंत्र आलेलं नाही.
ते आता तुझं.

आणि हो, मार्चात काकांचा दुसरा तुकडा तुटला.
पेटवला तोही.
पण ओढ्याकडच्या दोन सऱ्या ठेवल्यात तशाच,
"तुझ्या नावच्या," म्हणाले, माझ्याकडं न बघता.
मे महिन्यात जाऊन ये एकदा.
पाचट बाजूला सार, खाली बोट घाल.
मी परवा घातलं होतं,
दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली.
शेजारच्या सरीत नखही आत जाईना.
हे मी लिहिलेलं नाही. तू मोजून लिही.

फावडं तेवढं सरांच्या घरचं आहे.
धुऊन परत करायचं.