कोर्ट पुसणारा

मुहर्रकला जूनमध्ये रात्री अकरानंतर
हवेलाच घाम फुटतो.
सिमेंटच्या कोर्टावर पाणी कुठून येतं ते दिसत नाही,
येतं एवढं खरं.
ते टिपायचं माझ्याकडे.
तांदळाची दोन रिकामी पोती, एक बांबू,
आणि शिट्टी झाली की धाव.

दिवसा कॉलेजच्या लॅबमध्ये मी बाटल्यांवर लेबलं चिकटवायचो.
रात्रीचं हे काम कुणी नेमून दिलं नव्हतं.
रोहेलियोने एकदा पोतं हातात दिलं
आणि मी ते परत केलं नाही, इतकंच.
तो गोदीत वेल्डर, संध्याकाळी पोरांचा कोच.

चौऱ्याऐंशी साल. रमजान.
लीग संपली तेव्हा बारा संघांत आमचं कॉलेज आठवं,
आणि बाद फेरीला आठच घ्यायचे होते.
दार मिटता मिटता अंगठा आत घातल्यासारखं.
सौदीकडचा पूल तेव्हा समुद्रात अर्धाच उभा होता.
तीन गुणांची रेघही आमच्यापर्यंत पोचायची होती;
कितीही दुरून टाका,
दोनच.

पहिलीच गाठ पहिल्या नंबराशी.
बेहरोजचे बूट थोरल्या भावाचे,
पुढे कापूस कोंबलेला.
शुब्बर रोजा धरून दिवसभर लेथवर,
मग खजूर, पाणी, नमाज,
आणि चाळीस मिनिटं धावणं.
अठ्ठावन्न-सत्तावन्न!
प्रिन्सिपॉलना सकाळी सांगितलं.
त्यांनी विचारलं, कुठला खेळ?

उपान्त्य सामन्याला शमाल सुटला.
कोर्ट खडखडीत, दातांत वाळू,
मी बिनकामाचा, पोतं डोक्यावर घेऊन बसलेलो.
चेंडू हवेत वाकडा जायचा.
फक्त मक्कीचे पडत होते, एकामागून एक.
लोक म्हणाले, याचे आजोबा मोती काढणाऱ्या गलबतावर होते,
वारा रक्तात आहे.
मक्की म्हणाला, आजोबांना गलबत लागायचं,
ते किनाऱ्यावर कांदे विकत.

अंतिम सामन्याला माणसं घबगा जेवून आली,
पिकअपच्या टपावर, भिंतीवर, दिव्याच्या खांबावर.
साजीच्या बापाने पाच लिटरच्या थर्मासात चहा आणला
आणि दोन्ही संघांना पाजला,
त्यावरून साजी त्याच्याशी भांडला.
शेवटची दोन मिनिटं. बरोबरी.
आणि मी पाहत बसलो.

हेच सांगायचं होतं, बाकीचं उगाच लांबवलं.
तीन वर्षांत त्या बेटावर
मी काही असं पाहिलं नव्हतं,
तोंड उघडं टाकून, आपण कुठे आहोत ते विसरून.
टाइमआउटची शिट्टी झाली, संपली.
पोतं मांडीवर तसंच.
डाव्या बास्केटखाली परातीएवढा ओला डाग,
आणि मक्की नेमका तिथे वळला.

एका गुणाने.

त्याचा गुडघा बांधताना कुणी कारण विचारलं नाही.
दिवे मालवायच्या आधी रोहेलियो एकटा तिथे गेला,
डाग पाहिला, माझ्याकडे पाहिलं,
आणि बुटाच्या तळव्याने सावकाश पुसला,
आता त्याची काही गरज नसताना.

मी घरी पत्र टाकलं. दोन पानं, पैकी एक ओळ:
परवा आम्ही हरलो.
सोळा दिवसांनी अण्णांचं उत्तर आलं, लाल शाईत:
आम्ही म्हणजे कोण?
आणि किती रुपयांना?

त्याच रात्री उत्तराला बसलो.
कागद इतका दमट की अक्षरं पाय पसरत होती.
सगळ्यांची नावं लिहिली, सावकाश,
बेहरोजच्या बुटांतल्या कापसासकट.
पैशांचं काही लिहिलं नाही.
डागाचंही.