मशीनला कुलूप नाही

बडोद्याला उतरले तेव्हा साडेदहा होऊन गेले होते.
पुढची गाडी पहाटे चार पन्नासला, भुसावळकडे.
मधले सहा तास कुठे काढायचे
आणि त्याआधी, हे मशीन कुठे ठेवायचं?

बहिणीचं आहे. हातमशीन, काळं,
वरची लाकडी टोपी कधीच हरवलेली,
सोनेरी वेल चाकापाशी पुसट झालेली.
डभोईला तिच्या सुनेनं विचारलं, किलोवर देऊन टाकू?
तेव्हा मी 'मला हवंय' म्हणून बसले.
मला शिवता येत नाही.

सामानघरातला म्हणाला, कुलूप नसलेलं आम्ही ठेवत नाही.
म्हटलं, शिलाईच्या मशीनला कुलूप कुठून असणार?
तो म्हणाला, म्हणूनच.

स्टेशनातल्या खोल्या भरलेल्या.
धर्मशाळेत एकट्या बाईला जागा नाही.
तशी पाटी नव्हती,
पण सांगणाऱ्याचा आवाजच पाटीवर रंगवल्यासारखा.
मग सयाजीगंज. हमाल पुढे, मी मागे.
पहिल्या लॉजला लिफ्ट नाही, दुसऱ्याला दया नाही,
तिसऱ्याच्या पायरीवर हमालानं मशीन टेकवलं
आणि सांगितलं, आता इथंच.

गल्ल्यावर खानविलकर. तीन पिढ्या बडोद्यात,
मराठी बोलता बोलता मधेच 'हां ने' म्हणणारे.
"फोई, चार तासांचे नऊशे घेतले तर मला लाज वाटेल,
नाही घेतले तर मालक मला ठेवणार नाही.
सोफ्यावर बसा. सोफ्याचा दर लिहिलेला नाही."

सोफ्यासमोर काचेची पेटी, पाणी आहे, मासे नाहीत.
चहा आला. खानविलकरांनी आपणहून सांगितलं,
पुराच्या वर्षी विश्वामित्रीतली मगर
त्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या ओट्यावर आली होती,
रात्रभर राहिली.
"तिच्याकडे आधार कार्ड कोणी मागितलं नाही."

दोनच्या सुमारास ते उठले,
मशीनपाशी उकिडवे बसले, चाक एकदा उलटं फिरवलं.
त्यांचे वडील दांडिया बाजारात कोट शिवायचे.
सुईत दोरा होता. हिरवा. ओवलेलाच राहिलेला.
"काय शिवत होत्या?"
मला माहीत नव्हतं.
बावीस वर्षं आम्ही दिवाळीला फोन करत होतो,
तब्येत, पाऊस, गॅसचा भाव.
हिरवं काय, ते विचारायचं राहिलं.

त्यांनी डोक्याला लावायचं तेल दोन थेंब सोडलं
आणि लॉजचा एक टॉवेल घेतला, कडा उसवलेला.
आवाज आधी खरखरीत,
मग लहानपणी दुपारी पडल्या पडल्या ऐकू यायचा तसा.
वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, सूवा दो ने, भाई!
खानविलकर हळू झाले, थांबले नाहीत.

निघताना मी रजिस्टरखाली दोनशे सरकवले.
त्यांनी शंभर परत दिले.
"टॉवेल तुमच्याच दोऱ्यानं झाला."

सव्वाचारला फलाटावर उजेड पांढरट,
झाडूवाली म्हणाली, बेन, काहीतरी लोंबतंय.
पाहिलं तर सुईपासून मागे
हिरवा दोरा, पार जिन्यापर्यंत.
दातांनी तोडता आला असता.
मी बोटाभोवती गुंडाळत
मागे मागे जिन्याकडे चालत गेले,
आणि गाडीची घोषणा
दोनदा होऊन गेली.