गुरुवारी वीज नसते

मुंढव्याच्या शेडमध्ये आमच्या चौदा टाक्या.
हजार लिटरच्या एका टाकीत
सगळं मिळून अर्धा किलो शेवाळ.
बाकी पाणीच.
पाहुण्यांना सांगितलं की ते वाकून बघतात,
छे हो, एवढं हिरवं आहे की!
हिरवं दिसायला काय लागतं.
केसाच्या जाडीत वीस मावतील अशा पेशी,
प्रत्येकीवर ऋण भार,
एकमेकींना अंगाला लागू न देता तरंगणाऱ्या,
सोसायटीच्या लिफ्टमधल्या माणसांसारख्या.

वाढवणं सोपं आहे.
ऊन फुकट, सांडपाणी तर मागे लागून मिळतं.
काढणं महाग.
सेंट्रिफ्यूज सुरू झाला की पत्रा थरथरतो,
मीटरवरचा लाल ठिपका धाप लागल्यासारखा लुकलुकतो,
आणि संध्याकाळी रेगे बाई वहीत मांडतात:
यातून जेवढं तेल निघेल
त्याहून जास्त ते गोळा करण्यात जळालं.
खाली दोन रेघा.
बोलत काही नाहीत.

त्या गुरुवारी महावितरणनं नेमानं वीज नेली, दहा ते पाच.
जनरेटर कोरडा. टाक्या भरात आलेल्या,
उद्यावर ढकललं तर नासणार.
बाई म्हणाल्या, चुना आहे का कुणाकडे?
इस्माईल पानसऱ्यानं खिशावर हात ठेवला,
एवढ्याशा डबीनं काय होणार, बाई?
मग तोच सायकलवरून जाऊन
रंगाच्या दुकानातून सफेदीची पिशवी घेऊन आला.

आधी पाचव्या टाकीत टाकला.
बांबूनं ढवळून माझे खांदे भरून आले.
काही नाही. हिरवं ते हिरवंच.
मग नववीत.
पट्टी जांभळी झाली, बांबू बाहेर काढला,
आणि पाण्यात कण दिसायला लागले,
मग कणांचे पुंजके,
मग पुंजके जड होऊन, घाई न करता,
खाली.
अर्ध्या तासात वर पाणी असं
की तळाचा कंपनीचा शिक्का वाचता आला.

पाचवीत कॉर्पोरेशनचं गोडं पाणी होतं.
नववीत बोअरचं,
बादल्यांवर पांढरी पुटं चढवणारं,
दोन गीझर खाल्लेलं,
डाळ न शिजू देणारं.
त्यातलंच मॅग्नेशियम चुन्यानं बाहेर ओढलं
आणि त्यानं या अलिप्त बायकांची मोट बांधली.
सात वर्षं त्या पाण्याला मी शिव्या घातल्यात.

महावितरणला चुना लावला आपण, इस्माईल म्हणाला.
बाई हसल्या नाहीत.
खाली बसलाय तो अजून नुसता रस्सा आहे, म्हणाल्या,
आणि चुना आत गेलाय तो कोण काढणार?
वरचं पाणी तसंच परत वापरता यायचं नाही.
तरी जुन्या धोतराचं फडकं मागितलं,
चक्क्यासारखं टांगलं पंख्याच्या हुकाला.
थेंब पडत राहिले बादलीत.
थेंबाला बिल येत नाही.

आई भोरला घागरीत निवळीचं बी उगाळायची,
आणि मी ओंजळ पुढे केली की हात बाजूला सारायची,
थांब, बसू दे.
शेडमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

पाच वाजून दहा मिनिटांनी वीज आली.
बटण सकाळपासून चालूच राहिलेलं.
रिकामा सेंट्रिफ्यूज
एकटाच, पूर्ण जोरात, फिरायला लागला.
आम्ही तिघं बघत राहिलो थोडा वेळ.
मग मी उठले.